विश्लेषण : आवडी पाच, आठवडा एकच! मग निवडायचं काय आणि कसं?

रविवारी सकाळी वारज्यातून खडकवासल्याकडे सायकली निघतात. त्यावर बसलेल्या पंचविशी-तिशीतल्या मंडळींना विचारा, सायकलीशिवाय अजून काय काय करता? कुणी जर्मन शिकतंय, कुणी शेअर बाजाराचे चार्ट बघतंय. कुणी अर्धवट राहिलेली तबल्याची परीक्षा पुन्हा द्यायचं म्हणतंय, कुणी डेटा सायन्सचा कोर्स घेऊन ठेवलाय, तर कुणाच्या फोनमध्ये एका वेबसीरिजची संहिता तीन पानांवर अडकली आहे. सोमवारी हीच मंडळी लॅपटॉपची बॅग पाठीला लावून हिंजवडी किंवा बाणेरची वाट धरतात.

घरचे मोठे अशा वेळी एक म्हण हमखास ऐकवतात : एक ना धड, भाराभर चिंध्या. म्हण कडू आहे, पण तिच्याकडे दुर्लक्ष करूनही चालत नाही. कारण तिशी जवळ आली की ‘मला बरंच काही आवडतं’ या वाक्यातली गंमत कमी होते आणि त्याची काळजी वाटू लागते. एक काहीतरी निवडायला हवं, हे कळत असतं. पण एक निवडलं की उरलेली चार गेली, या भीतीनं काहीच निवडलं जात नाही.

ही भीती कितपत खरी आहे? निवड नेमकी कशाची करायची असते? हिशोब मांडून बघू.

हा प्रश्न आताच एवढा टोकदार का झाला?

आपल्या आईवडिलांच्या पिढीत हा निर्णय दहावीच्या निकालानंतरच्या पंधरा दिवसांत उरकला जायचा. विज्ञान, वाणिज्य की कला, एवढाच प्रश्न असे आणि त्याचं उत्तरही बहुतेक वेळा टक्केवारीच देत असे. त्यात अन्याय होता, पण सुटकाही होती. गाणं सुटलं, तर दोष परिस्थितीला देता यायचा.

आता दारं उघडी आहेत. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानं शाखांमधल्या भिंती कमी करण्याची भूमिका घेतली. एप्रिल २०२२ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगानं एकाच वेळी दोन पूर्णवेळ पदव्या घेण्याची मुभा दिली. पदवीबाहेरचं शिक्षण तर फोनवरच आलं आहे. वीणेपासून व्हिडीओ एडिटिंगपर्यंत काहीही शिकायचं, तर पहिला धडा फुकट मिळतो.

हे चांगलंच झालं. पण त्यामुळे निवड टळली नाही, फक्त पुढे ढकलली गेली. जो निर्णय सोळाव्या वर्षी दुसरं कुणीतरी घ्यायचं, तो आता अठ्ठाविसाव्या वर्षी आपला आपल्याला घ्यावा लागतो. तोही घराचा हप्ता, लग्नाची चर्चा आणि ऑफिसातलं अप्रेझल एकदम समोर उभं असताना. शिवाय आता दोष द्यायला परिस्थितीही हाताशी नसते.

हातात वेळ नेमका किती असतो?

इंजिनीअरिंग केलेल्या माणसाला आकडा दिसल्याशिवाय चैन पडत नाही, म्हणून एक साधं गणित. वारज्यात राहून हिंजवडीत नोकरी करणारा एक माणूस समजा. आठवड्याचे तास १६८. आठ तास झोप धरली तर ५६ गेले. रोज नऊ तास ऑफिस, पाच दिवस, म्हणजे ४५. महामार्गावरची वाहतूक धरून रोजचा जाण्यायेण्याचा वेळ दोन तास, म्हणजे १०. आंघोळ, जेवण, किराणा, घरची कामं यांचे रोजचे तीन तास धरले तर २१. बेरीज झाली १३२. उरले ३६.

३६ हा आकडा ऐकायला मोठा आहे. पण त्यातून नातेवाइकांचं लग्न, आईवडिलांची औषधं, मित्राची ट्रीट, फोनवर नकळत गेलेला वेळ आणि रात्री साडेदहानंतरचे डोकं न चालणारे तास वजा करा. खऱ्या अर्थानं कामाचे दहा तास उरले, तरी तो माणूस शिस्तीचा म्हणायचा.

या दहा तासांवर पाच आवडी बसवल्या, तर प्रत्येकीला आठवड्याला दोन तास मिळतात. वर्षाचे ५० आठवडे धरले तर १०० तास, म्हणजे आठ तासांचे जेमतेम साडेबारा दिवस. त्याऐवजी एकाच गोष्टीला सात तास दिले आणि उरलेले तीन बाकीच्यांना मोकळे ठेवले, तर त्या एका गोष्टीला वर्षाला ३५० तास मिळतात. हे आठ तासांचे जवळजवळ ४४ दिवस झाले. माणूस तोच, नोकरी तीच, रस्त्यावरची कोंडीही तीच. फरक फक्त वाटणीचा.

इथे कुणीतरी दहा हजार तासांचा नियम काढणारच. तो ज्या अभ्यासावरून आला, तो मानसशास्त्रज्ञ अँडर्स एरिक्सन आणि सहकाऱ्यांनी बर्लिनमधल्या व्हायोलिनवादक विद्यार्थ्यांवर केला आणि १९९३ मध्ये प्रसिद्ध केला. माल्कम ग्लॅडवेल यांच्या २००८ मधल्या ‘आउटलायर्स’ या पुस्तकानं त्याचा ‘नियम’ केला. खुद्द एरिक्सन यांनी त्याला पुढे आक्षेप घेतला. दहा हजार ही उत्तम वादकांच्या गटाची विसाव्या वर्षापर्यंतची सरासरी होती, पार करायची रेघ नव्हती. तेव्हा त्या आकड्यानं घाबरायचं कारण नाही. पण वर्षाला १०० तासांच्या वेगानं तिथे पोहोचायला १०० वर्षं लागतील, एवढं मात्र लक्षात ठेवलेलं बरं.

सगळं थोडं थोडं केलं तर बिघडतं काय?

वेळेच्या वाटणीत जेवढं दिसतं, त्याहून जास्त बिघडतं. कॉम्प्युटरच्या अभ्यासक्रमात ‘थ्रॅशिंग’ नावाचा एक प्रकार शिकवतात. मेमरी कमी आणि चालू प्रोग्रॅम जास्त झाले, की मशीन एका प्रोग्रॅमचा डेटा बाहेर काढून दुसऱ्याचा आत आणण्यातच गुंतून पडतं. पंखा जोरात फिरतो, दिवा लुकलुकतो, काम मात्र पुढे सरकत नाही.

माणसाचंही काहीसं असंच होतं. संशोधक सोफी लेरॉय यांनी २००९ मध्ये दाखवून दिलं, की एक काम अर्धवट टाकून दुसऱ्याकडे वळल्यावर लक्षाचा काही भाग पहिल्या कामापाशीच रेंगाळतो. दोन आठवड्यांनी तबल्यावर बसलं, तर पहिला अर्धा तास मागचं आठवण्यातच जातो. म्हणजे कागदावर दोन तास असले, तरी प्रत्यक्षात दीडच मिळतो.

दुसरं नुकसान जास्त खोल आहे. कुठलीही गोष्ट शिकताना सुरुवातीचा काळ गोड असतो. चार स्वर लागले, पहिला कोड चालला, पहिला लेख छापून आला, की मजा येते. मग एक सपाट पट्टा येतो, जिथे महिनोन्महिने काही बदलत नाही. ज्याच्याकडे पाच आवडी आहेत, त्याला या पट्ट्यावरून पळून जायला चार वाटा असतात आणि प्रत्येक वाटेच्या तोंडाशी पुन्हा तीच सुरुवातीची गोडी असते. असं केल्यानं दहा वर्षांत पाच गोष्टींची सुरुवात दहा-दहा वेळा होते. सपाट पट्ट्यापलीकडे काय आहे, ते एकदाही दिसत नाही.

पुण्यातल्या डॉक्टरांनी काय केलं?

या प्रश्नाची उत्तरं शोधायला लांब जायला नको. पुणे स्टेशनजवळच्या, ससून रुग्णालयाशी जोडलेल्या बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयात डॉक्टर झालेल्या काही जणांनी याच पेचातून वेगवेगळ्या वाटा काढल्या.

पहिले डॉ. श्रीराम लागू. कान-नाक-घशाचे शल्यविशारद. पुण्यात आणि पुढे टांझानियात त्यांनी वैद्यकी केली, आणि भारतात असताना सोबत हौशी रंगभूमीही. १९६९ मध्ये वसंत कानेटकरांच्या ‘इथे ओशाळला मृत्यू’पासून ते पूर्णवेळ नट झाले. तेव्हा त्यांनी चाळिशी ओलांडली होती. १९७० मध्ये ‘नटसम्राट’ आलं. ही गोष्ट आपण ‘नोकरी सोडा, स्वप्न धरा’ अशी सांगतो. पण १९६९ च्या आधीची दीड-दोन दशकं डॉक्टरकीसोबत नाटक टिकवण्यात गेली होती, हे सांगायचं राहून जातं. त्यांनी दोनपैकी एक सोडलं, ते दोन्हींची पुरती ओळख झाल्यावर.

दुसरे डॉ. जब्बार पटेल. बालरोगतज्ज्ञ. पुण्यापासून पाऊणशे किलोमीटरवर दौंडला दवाखाना आणि इकडे नाटक, अशा दोन्ही आघाड्या त्यांनी चालवल्या. १९७२ मध्ये विजय तेंडुलकरांचं ‘घाशीराम कोतवाल’ त्यांनी बसवलं, १९७७ मध्ये ‘जैत रे जैत’ आणि १९७९ मध्ये ‘सिंहासन’ हे चित्रपट केले. दोन गोष्टी समांतर चालतात, याचा हा पुरावा. पण त्या दोनच होत्या, पाच नव्हत्या.

तिसरे डॉ. मोहन आगाशे. ‘घाशीराम’मधले नाना फडणवीस आणि मनोविकारतज्ज्ञ. त्यांनी दोन्ही वाटा हळूहळू एकमेकींना जोडल्या. ‘अस्तु’मध्ये स्मृतिभ्रंश झालेल्या विद्वानाची भूमिका त्यांनी केली. नैराश्याच्या विषयावरच्या ‘कासव’चे ते निर्माते होते आणि त्यात त्यांनी कामही केलं. या चित्रपटाला २०१६ सालासाठीचा सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. इथे एक आवड दुसरीचा वेळ खात नाही, तिला खतपाणी घालते.

चौथे डॉ. अनिल अवचट. पदवी डॉक्टरकीची, ओळख लेखकाची, काम १९८६ मध्ये पत्नी डॉ. सुनंदा यांच्यासह उभ्या केलेल्या ‘मुक्तांगण’ व्यसनमुक्ती केंद्राचं. शिवाय ओरिगामी, लाकडातलं कोरीवकाम, बासरी. छंदांची यादी बघितली तर ‘भाराभर चिंध्या’ हा शिक्का सहज बसला असता. पण मुळाशी लिहिणं होतं. छंदसुद्धा अखेर लिखाणात उतरले.

म्हणीला उत्तर मला इथे सापडतं. चिंध्यांची गोधडी होते, आपल्याकडे घरोघरी झाली आहे. पण त्यासाठी एक दोरा आरपार जावा लागतो. दोरा नसेल, तर ते गाठोडंच राहतं.

यावर एक रास्त आक्षेप येतो. ही सगळी यशस्वी झालेली माणसं आहेत. ज्यांनी नोकरी सोडली आणि नाटकही चाललं नाही, त्यांची आत्मचरित्रं कुणी छापत नाही. हे खरंच आहे. शिवाय या चौघांच्या पायाखाली वैद्यकीय पदवीची जमीन होती. म्हणून या उदाहरणांतून ‘सोडून द्या’ असा सल्ला काढू नये. जास्तीत जास्त एवढंच म्हणता येईल, की चौघांच्याही बाबतीत दोरा कुठला, हे कधी ना कधी ठरलं.

मग अनेक आवडी असणं हा दोष आहे का?

अजिबात नाही. रॉबर्ट रूट-बर्नस्टीन आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात आढळलं, की नोबेल मिळवणाऱ्या शास्त्रज्ञांमध्ये संगीत, चित्रकला, लेखन, हस्तकला असे छंद असण्याचं प्रमाण इतर शास्त्रज्ञांपेक्षा जास्त होतं. यातून छंदांमुळे नोबेल मिळतं असं सिद्ध होत नाही. पण छंद मोठ्या कामाच्या आड येतात, या समजुतीला मात्र धक्का बसतो. अर्थात या सगळ्यांचं मुख्य काम ठरलेलं होतं, हेही विसरू नये.

त्यामुळे माझं मत असं : आपण आवडींमधून निवड करतच नसतो. आवडी राहतातच. निवड करायची असते ती आपल्या सर्वांत चांगल्या तासांवर पहिला हक्क कुणाचा, याची. डोकं ताजं असताना मिळणारे आठवड्यातले ते सात तास एकाच गोष्टीच्या नावावर लिहून द्यायचे. बाकीच्या मंद आचेवर. गॅस बंद करायची गरज नाही.

ती एक गोष्ट ओळखायची कशी?

‘मनाचा कौल घ्या’ हा सल्ला इथे उपयोगाचा नाही. मनाचा कौल पाचही बाजूंनी पडतो, अडचण तीच तर आहे. त्याऐवजी चार प्रश्न कागदावर लिहून काढा.

पहिला, दार कधी बंद होतं? काही गोष्टींना वयाची मुदत असते. यूपीएससीच्या नागरी सेवा परीक्षेला खुल्या प्रवर्गासाठी वयाची मर्यादा ३२ वर्षं आणि संधी सहा. एमपीएससीच्या राज्यसेवेसाठी खुल्या गटात ३८, मागास प्रवर्गांसाठी ४३. मैदानी खेळात शरीरच तारीख ठरवतं. लेखन, गाणं, बागकाम, भाषा यांना अशी मुदत नाही. ‘गेट’ परीक्षेलाही कमाल वय नाही. दोन गोष्टी सारख्याच हव्या असतील, तर ज्याचं दार आधी बंद होतं तिला आधी वेळ द्यावा. पण केवळ दार बंद होतंय म्हणून आत शिरू नये. मुळात नको असलेल्या परीक्षेत विशीतली पाच वर्षं घालवलेली माणसं सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकांत कमी नाहीत.

दुसरा, त्यातला कंटाळवाणा भाग तुम्हाला झेपतो का? गाण्यात मैफल थोडी आणि पलटे खूप. लेखनात छापून येणं थोडं, खोडणं खूप. शेअर बाजारात व्यवहार थोडे, ताळेबंद वाचणं खूप. ज्या गोष्टीतला रटाळ भाग तुम्ही कुणी न सांगताही करता, ती बाकीच्यांपेक्षा पुढे ठेवा.

तिसरा, कुठली गोष्ट बाकीच्यांना पोसते? लिहिता येत असेल तर ट्रेकिंगवर, खाण्यावर, तंत्रज्ञानावर, कशावरही लिहिता येतं. कोडिंग येत असेल तर संगीताचं ॲपही करता येतं. उलट दिशेनं ते नेहमी जमत नाही. मी स्वतः इंजिनीअरिंग करून बातमीच्या डेस्कवर आलो, ते याच हिशोबानं. आकडे वाचण्याची सवय इथे रोज कामी येते. बातमी लिहिण्याची सवय सॉफ्टवेअरमध्ये तेवढी उपयोगी पडली असती, असं मला वाटत नाही.

चौथा, खर्च कोण उचलणार? पैशाचा आणि घरातल्या माणसांचाही. हा प्रश्न टाळून घेतलेला निर्णय तीन महिन्यांत घरातल्या भांडणाचं रूप घेतो.

एक इशाराही. सामान घेणं म्हणजे सुरुवात करणं नव्हे. गिटार, कॅमेरा, महागडी सायकल किंवा वर्षभराचा ऑनलाइन कोर्स हप्त्यांवर घेतला, की काहीतरी ठरवल्याचं समाधान मिळतं. प्रत्यक्षात ठरलेलं असतं ते फक्त हप्त्याचं. आधी दोन महिने उसन्या वस्तूवर काढावेत आणि मगच कार्ड स्वाइप करावं.

निवडीचा हक्क सगळ्यांना सारखा आहे का?

नाही, आणि हे सांगितल्याशिवाय वरचं गणित पूर्ण होत नाही. त्यात घरकामाला आठवड्याचे २१ तास धरले, तेही आंघोळ-जेवण धरून. ते कुणाच्या आयुष्यातले? केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार, घरातली बिनपगारी कामं करणाऱ्यांमध्ये बायका दिवसाला सरासरी २८९ मिनिटं देतात, पुरुष ८८ मिनिटं. फरक दिवसाला २०१ मिनिटांचा. आठवड्याचे होतात तेवीस तासांहून जास्त.

म्हणजे नवऱ्याच्या हिशोबात उरलेले ते दहा तास अनेकदा बायकोच्या हिशोबातून आलेले असतात. हिंजवडीच्या त्याच बसमधून परतणारी, तेवढंच शिकलेली आणि तेवढ्याच आवडी असलेली स्त्री ‘निवडू कशी’ या प्रश्नापर्यंत पोहोचतच नाही. तिच्यासाठी पहिला प्रश्न तासांचा असतो. म्हणून घरात दोघं असतील, तर हा हिशोब एकत्र बसून करावा. दोघांच्या नावावर सात-सात तास निघतात का, ते बघावं. ते निघत नसतील, तर आधी स्वयंपाक, भांडी आणि मुलांचा अभ्यास यांची वाटणी बदलावी. आवडीबद्दल त्यानंतर बोलावं.

आणि निवड चुकली तर?

याच भीतीनं बहुतेक जण निवडतच नाहीत. त्यावरचा उपाय म्हणजे निवडीला मुदत घालणं. जन्मभराचा करार करायचा नाही. या पाडव्यापासून पुढच्या पाडव्यापर्यंत एवढाच करार. तोवर सात तास एकाच गोष्टीला. बाकीच्यांची आठवण आली तर वहीत टिपून ठेवायची, पण मध्येच गाडी बदलायची नाही. वर्षानं शांतपणे बसून बघायचं : सपाट पट्टा आला का, त्यावर आपण टिकलो का, आणि पुढचं वर्षही यालाच द्यावंसं वाटतं का?

उत्तर ‘नाही’ आलं, तरी ३५० तास वाया गेलेले नसतात. ही गोष्ट आपली मुख्य गोष्ट नाही, हे ते तास खर्चूनच कळतं. पाच गोष्टींना १००-१०० तास देऊन कुठल्याच गोष्टीबद्दल एवढं खात्रीनं सांगता येत नाही.

आणि उत्तर ‘हो’ आलं, तर बाकीच्या चार आवडी कुठे जात नाहीत. खडकवासल्याचा रस्ता दर रविवारी तिथेच असतो. सायकल काढायची, फिरून यायचं आणि नऊच्या आत घरी येऊन आपल्या सात तासांपैकी दोन तास उरकायचे.